सणाची 'कर' कोणाची? कामठ्याच्या निमित्ताने एका विसरलेल्या सुट्टीचा इतिहास

१.
मोठ्या सणाच्या दुसऱ्या दिवशी कामगाराला सुट्टी असावी का, हा प्रश्न आज कचेरीच्या सूचनाफलकापुरता उरला आहे. मराठी भाषेला मात्र तो फार जुना आहे. त्या दिवसासाठी तिच्यापाशी एक स्वतंत्र शब्दच आहे : कर. संक्रांतीची कर, होळीची कर, पोळ्याची कर. सणाच्या पाठोपाठ येणारा हा दिवस आपल्या पूर्वजांनी नुसता मोजला नाही, त्याला नाव दिले आणि त्याचे नियम ठरवले. या धाग्यात त्या दिवसाचा इतिहास पाहायचा आहे आणि अखेरीस एक मत मांडायचे आहे. ते मत आधीच सांगून ठेवणे बरे : सणाचा दुसरा दिवस हा कष्टकऱ्याचा खरा सण आहे आणि तो त्याला मजुरी न कापता मिळाला पाहिजे.

२.
त्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याला जाऊ. नागपूरजवळची छावणीची कामठी ती वेगळी, हा कामठा. इतिहासाच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो तो १८१८ मुळे. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांची सत्ता गेली, तेव्हा कामठ्याचा चिमना पटेल त्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध उठला आणि कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याची गढी घेतली. गढी, फौज, बंड, शरणागती एवढे आपण वाचतो आणि पान उलटतो. पण त्या जमीनदारीतली धानाची बांधी कोण चिखलत होते, गुरे कोण राखत होते आणि त्यांना वर्षातून किती दिवस उसंत मिळत होती? सुट्टीचा इतिहास हा गढीच्या इतिहासाइतकाच इतिहास आहे. फक्त तो दस्तऐवजात कमी आणि सणावारात जास्त सापडतो.

३.
या मुलखाचे वर्ष धानाभोवती फिरते. मृगापासून नांगरणी, चिखलणी, मग आषाढ-श्रावणात रोवणी. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाया आणि त्याच चिखलात खांदा देणारे बैल, ही या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेची दोन खरी इंजिने. रोवणी सरत येते आणि श्रावणी अमावास्येला पोळा येतो. हा योगायोग नव्हे. बैलाचे सर्वांत जड काम संपते त्याच सुमारास त्याचा सण ठेवलेला आहे. आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीने मळले जातात, सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही असा दंडक असतो. आजच्या भाषेत बोलायचे तर ही पशूला दिलेली सक्तीची सुट्टी आहे आणि ती मोडणाऱ्याला गाव नावे ठेवते.

४.
आता बारकाईने पाहा. पोळ्याच्या दिवशी बैलाला सुट्टी असते. गड्याला असते का? बैल धुवायचा कोणी? नदीवर किंवा तलावावर न्यायचा, शिंगे रंगवायची, झूल घालायची, तोरणाखाली आणून उभा करायचा, मग घरोघरी फिरवून आणायचा, हे सारे सालगडीच करतो. विदर्भात बहुतेक ठिकाणी सालगड्याचा करार गुढीपाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो मालकाच्या दावणीशी बांधलेला असतो. पोळ्याला त्याचा मान होतो, त्याला नवे कापड मिळते, पुरणपोळीचे जेवण मिळते. पण तो दिवस त्याच्या कामाचाच असतो. मालकाची जोडी गावात उठून दिसावी ही जबाबदारी त्याची. तोरणात मान पाटलाच्या बैलाचा; घाम गड्याचा.

५.
म्हणून दुसरा दिवस महत्त्वाचा. पूर्व विदर्भात पोळ्याचा दुसरा दिवस मारबतीचा. गोंदिया-बालाघाटच्या पट्ट्यात त्याला नारबोदही म्हणतात. पहाटे पुतळे गावाबाहेर नेऊन जाळायचे, त्यांच्याबरोबर रोगराई आणि पीडा हाकलायची. मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा भरवतात. या दिवशी मालकाची जोडी मिरवायची नसते. गावातल्या कोणाही माणसाला आपल्या मनातली इडापीडा जाहीरपणे, आरडाओरडा करून गावाबाहेर टाकून देता येते. पोळा हा उपजीविकेच्या साधनाचा सण. मारबत हा माणसाचा सण.

६.
नागपुरात याच दिवसाची मोठी मिरवणूक निघते. तेथील काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून मोजली जाते. बडगे काढून त्यांवर महागाई, भ्रष्टाचार, पुढारी अशा समकालीन पीडांची नावे लावण्याची प्रथा आजही जिवंत आहे. वर्षातून एक दिवस सामान्य माणूस सत्तेची जाहीर टिंगल करतो आणि तो दिवस सणाचा नसून सणाच्या दुसऱ्या दिवशीचा असतो, हे ध्यानात ठेवावे. मुख्य दिवशी मर्यादा पाळायची असते. मोकळीक दुसऱ्या दिवशी मिळते.

७.
हीच रचना इतर सणांतही दिसते. होळी पेटते त्या रात्री पूजा, नैवेद्य, मानपान. धुळवड दुसऱ्या दिवशी आणि त्या दिवशी लहानथोर हा भेद काही तासांपुरता पुसला जातो. लक्ष्मीपूजन हा ज्याच्या तिजोरीत काही आहे त्याचा सण. दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, भंडारा-गोंदियाच्या गावांत गायगोधन असते. गुरे सजवतात, शेणाच्या गोवर्धनावरून नेतात, गोवारी समाज वाजतगाजत नाचतो आणि वर्षभर गावाची गुरे राखणाऱ्या गायक्याला धान्य, कापड, पैसा दिला जातो. आदल्या रात्री धनाची पूजा, दुसऱ्या सकाळी ते धन चारणाऱ्याचा सत्कार. लोकपरंपरेने हिशेब चोख ठेवला होता.

८.
आता 'कर' या शब्दाकडे. पंचांगात करिदिन नावाचे काही दिवस येतात : मकरसंक्रांतीचा दुसरा दिवस, होळीचा दुसरा दिवस, ग्रहणाचा दुसरा दिवस इत्यादी. हे दिवस शुभकार्याला वर्ज्य. नवे काम काढू नये, प्रवासाला निघू नये असा संकेत. संक्रांतीच्या करीला किंक्रांत म्हणतात आणि देवीने किंकरासुराचा वध केल्याची कथा त्याला जोडलेली आहे. धर्मशास्त्रीय कारण काहीही असो, सामाजिक परिणाम पाहण्यासारखा आहे. ज्या समाजात मजुराला 'आज मी थकलो आहे' असे म्हणण्याचा हक्क नव्हता, तिथे 'आज कर आहे, नवे काम धरत नाहीत' असे म्हणण्याची सोय होती. मालकाला माणूस नाकारू शकत नव्हता. पंचांग नाकारू शकत होते.

९.
यावर कोणी म्हणेल की ही परंपरेची रम्य रंगसफेदी झाली. आक्षेप रास्त आहे. करीची सवलत हक्क नव्हती, रीत होती, आणि रीत मोडणे नेहमी बलवानाच्या हाती असते. जमीनदारी-मालगुजारीच्या काळात बेगार होती. बिनमोबदल्याच्या त्या कामाला करिदिन लागू नव्हता. कामठ्यासारख्या जमीनदाऱ्या कायद्याने संपल्या त्या १९५० च्या मध्य प्रदेशच्या मालकीहक्क निर्मूलन कायद्याने, जो १९५१ मध्ये अमलात आला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याचा जन्म कामगार दिनाचा आहे. त्या जिल्ह्यातल्या कामगाराच्या सुट्टीबद्दल बोलणे म्हणून अप्रस्तुत ठरू नये.

१०.
रीत सोडून कायद्याकडे वळू. १८८१ हे वर्ष लक्षात ठेवा, कारण त्या एकाच वर्षी हिंदुस्थानात दोन कायदे झाले. पहिला कारखान्यांचा कायदा. त्याने यंत्रावर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांतील बालकामगारांचे तास नऊवर आणले आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी त्यात काहीच नव्हते. दुसरा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंडी, धनादेश, वचनचिठ्ठी यांचा कायदा. त्याचे कलम २५ सांगते की हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय मानावी.

११.
आज आपण ज्याला 'सरकारी सुट्टी' म्हणतो तिचा कायदेशीर पाया हे कलम २५ आहे. दरवर्षी महाराष्ट्र शासन सार्वजनिक सुट्ट्यांची जी अधिसूचना काढते, ती याच अधिनियमाचा आधार घेऊन. म्हणजे आपल्या सणांच्या सुट्ट्यांचा कायदा मुळात माणसाच्या विश्रांतीसाठी झालाच नाही. तो कागदाच्या मुदतीसाठी झाला. हुंडीला सुट्टी मिळाली आणि तिच्यामागून कारकुनाला मिळाली. हुंडी ज्याच्या हातात कधी पडलीच नाही, तो विडी वळणारा, धान कापणारा, हमाली करणारा माणूस त्या सुट्टीच्या कक्षेबाहेर राहिला. हा दोष कोणा एकाच्या दुष्टपणाचा नाही. पायाच तसा घातला गेला.

१२.
या पायाचे मूळ इंग्लंडात आहे. तिथे १८७१ मध्ये जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँक हॉलिडेचा कायदा झाला. इंग्लंडपुरते त्यात चार दिवस होते : ईस्टरनंतरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टमधला पहिला सोमवार आणि २६ डिसेंबर. नीट पाहा, चारांपैकी तीन दिवस हे मोठ्या सणाचे दुसरे दिवस आहेत. नाताळ आणि ईस्टर यांचे मुख्य दिवस देवळाचे, कुटुंबाचे. कष्टकऱ्याला हवा होता तो दुसरा दिवस, रेल्वेत बसून समुद्रावर जाण्याचा. शिवाय त्याआधी कित्येक पिढ्या युरोपातले कारागीर रविवारनंतरचा सोमवार परस्पर सुट्टीचा पाळत आणि त्याला थट्टेने 'संत सोमवार' म्हणत. कारखान्याच्या भोंग्याने तो संत पदच्युत केला. कायद्याने त्यातले काही सोमवार परत दिले. कर ही केवळ आपली खासियत नव्हे. जिथे श्रम आहे तिथे करीची भूक आहे.

१३.
मुंबईच्या गिरण्यांत ही भूक नारायण मेघाजी लोखंडे यांनी शब्दांत मांडली. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यातली पहिली मागणी रविवारच्या पूर्ण सुट्टीची होती. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, मालकांनी ती मान्य केली आणि १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. सणांच्या चार सुट्ट्या गिरणीत आधीही मिळत. लोखंड्यांनी ओळखले ते हे, की कृपेने मिळणारा सण आणि हक्काने मिळणारी विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१४.
स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हा हक्क विस्तारला. कलम ५२ ने साप्ताहिक सुट्टी बांधून दिली, आणि ती बदलायची असेल तर आधीच्या वा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यावी, सलग दहा दिवसांपेक्षा अधिक काम घेऊ नये, अशी अट घातली. कलम ७९ ने वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. या तरतुदींत एक शहाणपण आहे : सुट्टी हलवता येते, पुसता येत नाही. हे सूत्र पुढच्या युक्तिवादासाठी लक्षात असू द्या.

१५.
दुकाने आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवा कायदा केला. त्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्षारंभी आपसांत ठरवायच्या. तरुण वाचकांपैकी जे एखाद्या शोरूममध्ये, कॉल सेंटरात, औषधाच्या दुकानात काम करतात, त्यांनी ही दुसरी चौकडी आठवून पाहावी. ती ठरवताना तुम्हाला कोणी विचारले होते का? कायद्याने त्या चार दिवसांवर तुमचाही आवाज मान्य केला आहे. तो बहुतेक ठिकाणी वापरलाच जात नाही.

१६.
आता सरकारच्या स्वतःच्या यादीतली गंमत पाहा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक सुट्ट्यांत होळीची जी सुट्टी येते, तिच्यापुढे कंसात लिहिलेले असते : दुसरा दिवस. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सुट्टी आहे आणि बलिप्रतिपदेलाही आहे. म्हणजे राज्ययंत्रणेने करीचे तत्त्व मान्य केलेलेच आहे. पोळा त्या राज्यव्यापी यादीत नाही; पण जिल्हाधिकाऱ्यांना वर्षातून तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात आणि नागपुरात त्यांतली एक अनेक वर्षे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला, मारबतीला मिळत आली आहे. सणाच्या दिवशी कचेरी चालू, करीला बंद! लोकांना खरोखर कोणता दिवस हवा असतो, हे जिल्हा प्रशासनाने अचूक ओळखले आहे. मात्र अशा स्थानिक सुट्ट्या बँका आणि न्यायालये यांना सहसा लागू नसतात. खासगी कामगाराला तर त्या मालकाच्या मर्जीवर.

१७.
दुसऱ्या एका राज्यातले उदाहरण बोलके आहे. तामिळनाडूत पोंगलच्या दुसऱ्या दिवशी माट्टु पोंगल, म्हणजे गुराढोरांचा सण. तो दिवस तिरुवळ्ळुवर दिन म्हणून आणि त्यानंतरचा दिवस उळवर तिरुनाळ, म्हणजे शेतकऱ्याचा सण म्हणून, दोन्ही सरकारी सुट्टीचे आहेत. एका मोठ्या सणामागे एक दिवस गुरांचा, एक दिवस शेतकऱ्याचा. आपल्याकडे पोळा आहे, गायगोधन आहे; त्यांना राज्याच्या दिनदर्शिकेत तसे स्थान मात्र नाही.

१८.
पुन्हा कामठ्याच्या परिसरात येऊ. गोंदिया भाताच्या गिरण्यांसाठी आणि विडी उद्योगासाठी ओळखला जातो. तेंदूपत्ता भिजवायचा, कातरायचा, तंबाखू भरून वळायचा, दोऱ्याने बांधायचा. मजुरी दर हजार विड्यांमागे. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आणि काम बहुधा स्वतःच्या घरातच. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्यालाही कामगार मानले, साप्ताहिक सुट्टी आणि पगारी रजा यांच्या तरतुदी केल्या. हा मोठा टप्पा होता. पण जिथे मजुरी नगावर असते, तिथे सुट्टीचा अर्थच बदलतो. सूप मांडीवरून खाली ठेवले की मजुरी थांबली. अशा घरात कर म्हणजे विश्रांती नव्हे, चूल अर्धी पेटण्याचा दिवस.

१९.
आणि त्या घरातल्या स्त्रीचा सण कोणता? सणाच्या आदल्या दिवशी सारवण, निवडटिपण. सणाच्या दिवशी पुरण वाटणे, पोळ्या लाटणे, पंक्ती वाढणे. दुसऱ्या दिवशी भांड्यांचा ढीग. परंपरेला याचीही जाणीव होती असे म्हणायला जागा आहे. श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे खायचे, असा नेम आहे. चुलीला सुट्टी मिळाल्याखेरीज चुलीपुढच्या बाईला मिळत नाही, हे ज्या समाजाने ओळखले त्याने एक दिवस तरी तसा राखला. आजच्या कोणत्याही सुट्टीच्या कायद्यात चुलीचे नाव नाही.

२०.
आता विरोधी बाजूचे म्हणणे पाहू, कारण ते पोकळ नाही. पहिले म्हणणे : आपल्याकडे सण आधीच फार, प्रत्येकाच्या मागे एक दिवस जोडला तर काम कधी करायचे? दुसरे : दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला आलेला असतो. धान सणाची वाट पाहत नाही. पिकलेली लोंबी गळते, अवकाळी पाऊस आला तर उभे पीक लोळते. तिसरे, आणि सर्वांत वजनदार : रोजंदारीच्या माणसाला सुट्टी नको असते, रोज हवा असतो. त्याच्यावर सुट्टी लादणे म्हणजे त्याच्या ताटातला घास काढणे.

२१.
पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. मागणी प्रत्येक सणाची नाही. पूर्व विदर्भापुरते बोलायचे तर पोळा, दिवाळी आणि होळी या तीन सणांची कर. त्यातल्या दोन सणांची सरकारी नोकरांना मिळतेच आहे. जे कारकुनाला मिळते ते भातगिरणीतल्या हमालाला का मिळू नये, एवढाच प्रश्न आहे. दिवाळीच्या प्रतिपदेला सरकारी कचेरी बंद असते म्हणून राज्य बुडत नाही. गिरणीचा पट्टा एक दिवस थांबल्याने ते बुडेल, असे कोणी म्हणत असेल तर मग त्या पट्ट्यावरचा माणूस कारकुनापेक्षा अधिक मोलाचा आहे, हेही त्याने मान्य करावे.

२२.
दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर याच मातीत आहे. भाऊबीजेपासून भंडारा-गोंदियाच्या गावांत मंडईचा हंगाम सुरू होतो. दिवसा बाजार आणि दंडार, रात्रभर नाटक. पण सगळ्या गावांची मंडई एकाच दिवशी नसते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. परिणामी सगळ्या शिवारांतले हात एकाच वेळी थांबत नाहीत. एका गावाची उसंत चालू असताना शेजारच्या गावात विळा चालू राहतो. जाणूनबुजून असो वा सवयीने, ही पाळीपाळीची सुट्टी आहे. कारखाने अधिनियमाचे कलम ५२ जे सांगत होते, सुट्टी हलवा पण पुसू नका, तेच मंडई पिढ्यान्पिढ्या करत आली आहे. कापणीच्या घाईत करीचा दिवस चार दिवस पुढे गेला तर आकाश कोसळत नाही. तो गेला, तो गेलाच, असे होता कामा नये.

२३.
तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत आहे, आणि म्हणूनच माझी मागणी सुट्टीपेक्षा मजुरीची अधिक आहे. बिनपगारी सुट्टी हा उपवास असतो. त्याला सण म्हणू नये. नगावर मजुरी घेणाऱ्या विडी कामगाराला त्याच्या सरासरी दिवसमजुरीइतकी रक्कम सणाच्या करीला मिळाली पाहिजे. दहा-वीस माणसे राबवणाऱ्या गिरणीने, दुकानाने वर्षारंभीच्या चार सणसुट्ट्यांत निदान एक करीचा दिवस कामगारांच्या पसंतीने धरला पाहिजे. सालगड्याच्या पाडव्याच्या बोलणीत धान्य, कापड, रोख यांच्याबरोबर करीचे दिवसही मोजून घेतले पाहिजेत. यातली एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. बहुतेकांना कायद्याचा किंवा रिवाजाचा आधार आधीच आहे.

२४.
शासनाकडूनही एवढी अपेक्षा गैर नाही. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस महाराष्ट्राने आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. ते योग्यच झाले. पण त्या निर्णयानंतर कायम नोकरीतला माणूस आणि रोजंदारीचा माणूस यांच्यातले विश्रांतीचे अंतर वाढले. एकाला आठवड्याला दोन दिवस हक्काचे. दुसऱ्याला पोळ्याच्या करीसाठीही हात जोडावे लागतात. मजुरीतली विषमता आकड्यांत दिसते म्हणून आपण तिच्यावर बोलतो. विश्रांतीतली विषमता दिनदर्शिकेत लपते म्हणून ती सुटून जाते.

२५.
इतिहासाची आवड असलेल्या तरुण मित्रांना अखेरीस एक काम सुचवावेसे वाटते. गढ्या, शिलालेख, वीरगळ यांच्या नोंदी आपण ठेवतो. त्याबरोबर आपल्या गावाच्या करीची नोंद ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला तुमच्याकडे काय म्हणतात? त्या दिवशी कोणाचे काम थांबते आणि कोणाचे थांबत नाही? आजी-आजोबांच्या लहानपणी गड्याला, गायक्याला, मोलकरणीला त्या दिवशी काय मिळत असे? ही माहिती कोणत्याही दप्तरखान्यात नाही. ती माणसांच्या आठवणीत आहे आणि दरवर्षी थोडी थोडी संपते आहे.

२६.
चिमना पटेलाची गढी कोणी घेतली हे आपल्याला ठाऊक आहे, कारण विजेत्यांनी ते लिहून ठेवले. त्या गढीखालच्या शिवारातल्या माणसाला सणाची कर मिळत होती की नव्हती, हे लिहून ठेवायला कोणी नव्हते. निदान आज त्याच शिवारात राबणाऱ्याला ती मिळते की नाही, हे पुढच्या पिढीला आपल्या लिखाणातून कळावे. आणि उत्तर 'मिळत होती, मजुरीसह' असे लिहिता यावे, यासाठी येत्या पोळ्याआधी आपापल्या कामाच्या ठिकाणी हा प्रश्न एकदा उघडपणे विचारावा.